पाद्रीचे डोनट

१२ मार्च

या गावाला मी आवडत नाही आणि मला हे गाव आवडत नाही. चला, एका बाबतीत तरी आमचं एकमत आहे.

बेल्व्हर, नेब्रास्का. छपराखालच्या अमेरिकन फुटबॉलमधला माझा बारावा संघ. नाव थ्रेशर्स, रंग नारिंगी, मैदान नेहमीसारखंच पन्नास यार्डांचं, चारी बाजूंनी गादीची भिंत. गालिच्याखाली हॉकीचा बर्फ तसाच ठेवलाय, दिवस मावळेपर्यंत घोटे बधिर होतात. कोच ऑस्टगार्ड आणि मी एकेकाळी आयोवात एकाच संघात होतो. त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ऐनवेळी विम्याची नोकरी धरून पळाला म्हणून त्याला माझी आठवण झाली. प्रेमाबिमाचा प्रश्न नाही.

चार वर्षांपूर्वी मी इथे पाहुणा म्हणून खेळलो होतो. शेवटच्या फेकीवर यांना हरवलं आणि भिंतीशी जाऊन पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. म्हातारी अजून त्याच खुर्चीत आहे. मार्लिस तिचं नाव. सरावालासुद्धा थर्मास घेऊन येते. आज मला बघितल्यावर तिने थर्मास खाली ठेवला, ओठांवर बोट ठेवलं आणि तेच बोट सावकाश गळ्यावरून फिरवलं.

ऑस्टगार्डच्या बोटात अजिंक्यपदाची अंगठी आहे, बटाट्याएवढी. बोलताना तो ती टेबलावर टकटक वाजवतो. माझं बोट रिकामं. लग्नाची आली आणि गेली, पण खेळाची आलीच नाही. सदतिसाव्या वर्षानंतर क्वार्टरबॅकला कुणी फोन करत नाही, तेव्हा यंदा मिळाली तर मिळाली. मला दुसरं काही नको.

१५ मार्च

ट्रेनरबाईंनी सगळ्यांची डोक्याची परीक्षा घेतली. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, डोळे मिटून एका पायावर उभे राहा. मी नेहमीप्रमाणे मुद्दाम अर्धं चुकवलं. हंगामाच्या सुरुवातीला मठ्ठ ठरलं की पुढे डोकं आपटल्यावरही तेवढेच मार्क पडतात आणि कुणी बाहेर बसवत नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे, शाळेत शिकवत नाहीत.

माझा बदली क्वार्टरबॅक टेव्हिन ब्रॉक्स म्हणून जॉर्जियाचा एक पोरगा आहे. त्याने घाम गाळून एकूण एक उत्तर बरोबर दिलं आणि बाईंनी शाबासकी दिल्यावर लाजला. असली माणसं या खेळात टिकत नाहीत.

१९ मार्च

आजचा दिवस सत्कारणी लागला. सरावात शेवटच्या मिनिटाचा डाव चालला होता. आपण पुढे आहोत, चेंडू आपल्याकडे, घड्याळ संपवायचं. ब्रॉक्सने काय केलं? चेंडू पोटाशी धरला आणि रुबाबात गुडघा टेकला.

बाहेर उघड्या मैदानावर हे ठीक आहे. तिथे गुडघा टेकला तरी घड्याळ चालू राहतं, सामना आपोआप संपतो. छपराखाली शेवटच्या मिनिटात चेंडू पुढे सरकला तरच घड्याळ चालतं, नाहीतर जागच्या जागी थांबतं. एक पाऊल पुढे, बास. पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. मी सगळ्यांसमोर त्याला त्याच जागी गुडघ्यावर बसवून ठेवलं आणि विचारलं, प्रार्थना संपली की सांग, आम्ही पुढे खेळतो. तेव्हापासून त्याचं नाव पाद्री.

आमच्यात गुडघा टेकणाऱ्याला दंड असतो. दुसऱ्या दिवशी साऱ्या संघाला डोनट. आणि डबा रिकामा होईपर्यंत प्रत्येकाने त्याला तोंडभरून बोलायचं, एकानेही सोडायचं नाही. मी तर तीन खाल्ले आणि तिन्ही वेळा वेगळं बोललो.

२९ मार्च

पहिला सामना जिंकलो. सात टचडाउन फेकले. तरी पहिल्या रांगेतून टाळी नाही. मी भिंतीजवळून जाताना मार्लिस म्हणाली, "कोलारिक, माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तो तुझ्यापेक्षा चपळ आहे." मला हसू आवरेना. दाखवलं नाही.

टाऊफा माझा सेंटर. मला पायांमधून चेंडू देतो तो. खोलीतही माझ्याच गळ्यात मारलाय. टोंगाचे आईबाप, यूटातला जन्म, अंगाने मालगाडीचा डबा. घोरतो, शिवाय माझं दही खातो. मी झोपेत माझ्या पहिल्या बायकोला हाका मारतो असं त्याचं म्हणणं. मला एकच बायको होती, तेव्हा पहिली-दुसरी हा प्रश्नच येत नाही, असं मी त्याला ऐकवलं.

१२ एप्रिल

काल भिंतीवरून उडालो. साउथ डाकोटाच्या एका रेड्याने मला कमरेत धरून असा फेकला की मी डोक्यावर, भिंतीपलीकडे, थेट मार्लिसच्या मांडीत. तिच्या नाचोजचं चीज माझ्या हेल्मेटच्या जाळीतून आत आलं. डोळे उघडले तर म्हातारीचं तोंड अगदी जवळ. काहीतरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. तिने माझी हनुवटी धरून ठेवली होती. मान मोडायला निघाली असणार.

बाईंनी बाकावर तीच परीक्षा घेतली. मला मार्चएवढेच मार्क. मी मनात म्हटलं, बघा. पुढच्या खेपेला मैदानात गेलो. जिंकलो म्हणे. म्हणजे जिंकलोच, गुणांची पाटी पाहिली मी.

१७ एप्रिल

या इमारतीतले दिवे कुणीतरी बदललेत. इतके पांढरे नव्हते. व्यवस्थापकाला जाऊन सुनावलं. तो म्हणतो दिवे चार वर्षं तेच आहेत. चोराच्या उलट्या बोंबा.

२६ एप्रिल

हरलो. तीन फेकी विरोधकांच्या हातात. डावीकडचे रिसीव्हर, माझ्या फेकी झेलणारे, वाटेल तिकडे धावतात आणि लोक मला नावं ठेवतात. टाऊफा चेंडू देतो तोही हल्ली माझ्या बोटांत नीट बसत नाही. त्याला म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, आधी स्वतःचं मनगट बघ. नेहमी भांडणारा माणूस, आज नुसतं "बरं" म्हणाला. गिल्टी आहे.

सामन्यानंतर गाडी जागेवर नव्हती. सगळं पार्किंग पालथं घातलं. इमारतीच्या मागच्या बाजूला सापडली. हा ब्रॉक्सचा उद्योग. गाडीशेजारी तोच उभा होता, किल्ली घेऊन. म्हणाला, "आजोबा, किल्ली तुम्ही दारातच ठेवली होती, मी चालवू का?" मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

६ मे

संघात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. मी खोलीत शिरलो की बोलणं बंद होतं. ऑस्टगार्ड, टाऊफा आणि पाद्री, तिघे. मला पाहून ऑस्टगार्ड अंगठी वाजवायला लागला. पाद्रीला माझी जागा पाहिजे, हे उघड आहे. वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि आयत्या बिळावर नागोबा. पण मी या खुर्चीतून उठणार नाही. उठायचंच असेल तर बोटात अंगठी घालून उठेन.

१७ मे

नवी चीड. डाव सुरू होण्याआधी टाऊफा वाकल्या वाकल्या मला डावाचं नाव सांगतो. "डावीकडे, आखूड, दोन नंबर." मलाच, ज्याने डाव सांगितला त्याला. मध्यंतरात धरला त्याला, म्हटलं, तुझं काम ढुंगण वर करून वाकायचं, शिकवायचं नाही. तो ऐकून घेतो आणि पुढच्या डावाला परत तेच. बाहेर बाकाजवळ पाद्री हातवारे करत असतो, माशा हाकतो तसा. तोही तेच डाव दाखवतो. दोघांनी मिळून मला वेड्यात काढायचं ठरवलंय.

सहा टचडाउन, जिंकलो. रागात मी चांगला खेळतो.

१८ मे

आज मार्लिसने एक नवीनच काढलं. मी भिंतीजवळून जात होतो तर म्हणाली, "कोलारिक, माझ्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तो तुझ्यापेक्षा चपळ आहे." मान्य करायला हवं, म्हातारीकडे डोकं आहे. घरी येऊन टाऊफाला सांगितलं तर तो हसलाच नाही. चमचा हातात धरून माझ्याकडे बघत बसला. विनोद कळायला अक्कल लागते.

३१ मे

कुणीतरी गॅस चालू ठेवला. भांडं जळून काळं. टाऊफा म्हणतो तो घरीच नव्हता. म्हणजे मी? असो. दही पण संपलंय.

७ जून

ब्रॉक्सशी हाणामारी झाली. झालं असं की सरावात त्याने माझ्या हेल्मेटवर पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, डाव्या बाजूला. म्हणे "या बाजूला जरा मान वळवत जा, आजोबा, तिकडून येतात ते तुम्हाला दिसत नाहीत." मला दिसत नाही! मी याच्या वयाचा असताना पाठीमागचं बघायचो. दिली एक कानशिलात. त्याने हात उचलला नाही. टाऊफाने मला मागून उचलून भिंतीवर बसवलं, पोराला कट्ट्यावर बसवतात तसं, आणि सगळे बघत होते.

चिकटपट्टी काढून टाकली. मग वाटलं, राहू दे, त्याला दाखवून द्यायला. परत लावली.

१४ जून

चिकटपट्टीचा शून्य उपयोग. पण मान वळवायची सवय लागली आहे.

२८ जून

उपांत्य सामना जिंकलो. अंतिम सामना पुढच्या शनिवारी, इथेच, कॅन्ससच्या जांभळ्यांशी. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी आंघोळीच्या फवाऱ्याखाली उभा राहून रडलो, पाण्यात कळत नाही. कॅन्ससवाल्यांनी इथला कप नेला तर मी या गावात जिवंत राहणार नाही, असं मार्लिस भिंतीवरून म्हणाली. तिला सांगितलं, बाई, तुझ्या नवऱ्याला बोलव खेळायला. तिने पॉपकॉर्न फेकलं. घरचं माणूस असल्यासारखं वाटलं, हे लिहून खोडावंसं वाटतंय.

३० जून

ऑस्टगार्डने दार लावून घेतलं, अंगठी टेबलावर वाजवली नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"वेंडेल," तो म्हणाला, "शनिवारी पोरगा खेळेल. तू माझ्या शेजारी उभा राहा. जिंकलो तर अंगठी तुलाही मिळेलच."

मी म्हटलं, उभा राहायला तू काय मला खांब समजलास? ज्याने संघाला इथवर आणलं तो बाहेर, आणि सरावात गुडघे टेकणारा आत? तो म्हणाला तुझं डोकं ठीक नाही, ओमाहाला डॉक्टर आहेत, मी वेळ घेऊन ठेवलीय. मी म्हटलं ट्रेनरबाईंचे मार्क बघ, मार्चपासून एक मार्क हललेला नाही. त्यावर तो माझ्याकडे न बघता अंगठी बोटातल्या बोटात फिरवायला लागला. तो पण खेळलाय. त्यानेही मार्चमध्ये मुद्दामच चुका केल्या असतील, मला माहितीये.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मी खोलीत येऊन टाऊफाला सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं, की मला हे एकदाच हवंय, फक्त एकदा, अंगठी कुणाच्या शेजारी उभं राहून मिळवलेली नको, मग मेलो तरी चालेल. ब्रॉक्स दारात उभा होता. ऐकत होता चोरून. मी बूट फेकून मारला.

२ जुलै

देव आहे. ब्रॉक्सचा घोटा मुरगळला. सकाळी जिन्यात, म्हणे, कुणी पाहिलं नाही. सरावाला उजवा पाय लंगडत आला आणि ऑस्टगार्डला म्हणाला, मला शनिवारी जमणार नाही. ऑस्टगार्ड त्याच्यावर एवढा ओरडला की छताला असतील तेवढी कबुतरं उडाली. टाऊफा खाली बघून बुटाची नाडी बांधत होता, चिकटपट्टीच्या बुटाला नाडी असते का?

संध्याकाळी जेवायला आला तेव्हा पठ्ठ्या डावा पाय लंगडत होता. मी टाऊफाला म्हटलं, बघ, घाबरलाय. अंतिम सामन्याच्या नुसत्या नावाने दोन्ही पाय गेले. असल्याला पाद्री म्हटलं त्यात काय चुकलं?

शनिवारी मी खेळणार.

४ जुलै

लीगची माणसं आली. छतावर दोन पोती बांधून ठेवलीत, रंगीत कागदाच्या कपट्यांची. एक नारिंगी, एक जांभळं. जो जिंकेल त्याचं पोतं दोरी ओढून उघडायचं. मी खालून नारिंगी पोत्याकडे बघत उभा राहिलो. पाद्री लंगडत शेजारी आला. आज पाय कुठला होता ते पाहिलं नाही. म्हणाला, "टाऊफा सांगेल ते ऐका, आजोबा. एवढं एक ऐका." मी म्हटलं, तू पाय शेक.

गावात फटाके चालू आहेत. डोकं फुटतंय.

५ जुलै

जिंकलो.

नीट लिहितो. दुसऱ्या सत्रात डावीकडून एकाने भिंतीवर आदळलं. मान वळवायची राहिली. त्यानंतरचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टाऊफाचा आवाज सतत, "उजवीकडे, लांब", "आखूड, एक नंबर", मी फेकत गेलो. शेवटच्या मिनिटात आम्ही दोन गुणांनी पुढे, चेंडू आमच्याकडे, तिसरी संधी. टाऊफा वाकला आणि म्हणाला, "पुढे, वेंडेल. फक्त पुढे. माझ्या पाठीवर पड." आणि एकदम मला सगळं शांत, स्वच्छ वाटलं. वर आभाळ असल्यासारखं. मी ओहायोत शाळेच्या मैदानावर होतो तसं. चेंडू घेतला, पोटाशी धरला आणि गुडघा टेकला.

इतका सुंदर क्षण आयुष्यात आला नव्हता. मग फार आरडाओरडा झाला. ब्रॉक्स बाकावरून धावत आला, चांगला धावत होता, हे ढोंग बघा. मला बाहेर नेऊन बसवलं, डोक्यावर टॉवेल टाकला. मैदानात काहीतरी चालूच होतं. आमच्या माणसाने खांबांमधून तीन गुण काढायला लांबून लाथ मारली, ती हुकली, मग कॅन्ससच्या माणसाने मारली. त्याचा चेंडू कुठे गेला ते दिव्यांमुळे दिसलं नाही. पण मी गुडघा टेकला होता, सामना तिथेच संपला होता, पुढच्याला काय अर्थ?

वरून जांभळे कागद पडले. गाढवांनी चुकीचं पोतं उघडलं.

कॅन्ससवाले हरूनही नाचत होते, निर्लज्ज. टाऊफा मैदानाच्या मधोमध बसून रडत होता. एवढा मोठा माणूस आनंदाने रडताना कसा दिसतो ते पहिल्यांदाच पाहिलं. घरी येताना गाडी ब्रॉक्सने चालवली. आजच्या दिवशी माफ.

६ जुलै

आज कपाटं रिकामी करायची आणि पार्किंगमध्ये गावकऱ्यांचं निरोपाचं जेवण.

काहीतरी बरोबर नाही. मी आत गेलो तर कुणी शिवी दिली नाही. एकानेही नाही. या खोलीत माणूस शिंकला तरी त्याच्या खानदानाचा उद्धार होतो. आज सगळे सरकून मला वाट देत होते. एकाने दार धरलं. एकाने माझी बॅग उचलली. चौदा वर्षांत माझी बॅग कुणी उचललेली नाही. मी मुद्दाम टाऊफाच्या डब्यातला शेवटचा चिकनचा तुकडा उचलून खाल्ला, त्याने डबाच माझ्याकडे सरकवला.

ऑस्टगार्डला विचारलं, अंगठीसाठी बोटाचं माप कधी घेणार? त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचा हात खिशात होता आणि तो बाहेर काढत नव्हता.

मग पार्किंगमध्ये गेलो. टेबलांवर बटाट्याची कॅसरोल, गोड मका, कलिंगड. माणसं माझ्याकडे बघून हसत होती, तेही नको तितकं गोड. मार्लिस तिच्या घडीच्या खुर्चीवर. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि वाट बघितली. तिने कागदी प्लेट खाली ठेवली.

"छान खेळलास, वेंडेल," ती म्हणाली.

म्हातारीला माझं पहिलं नाव माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. मी तिला विचारलं की काल कागद जांभळे का होते. तिने माझा हात धरला, तिची बोटं कलिंगडाने चिकट झाली होती.

"बाळा, त्यांनी पोतं बरोबरच उघडलं होतं."

मी तिथेच तिच्या पायाशी डांबरावर बसलो. कुणी उठवायला आलं नाही, आणि बरं झालं. माझ्यासारख्याने, ज्याने पोराला सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसवून ठेवलं होतं त्याने, शेवटच्या मिनिटात, एक पाऊल पुढे जायचं होतं तिथे. तीस माणसांचा हंगाम. टाऊफाची पाठ समोर होती, नुसतं पडायचं होतं. आणि या सगळ्यांनी मला एक शिवीसुद्धा देऊ नये. एवढा मी संपलो का? मेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही, तसं चाललं होतं सकाळपासून.

बऱ्याच वेळाने उठलो आणि मेन स्ट्रीटवरच्या बेकरीपर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा थांबून पाट्या वाचल्या. साऱ्या संघाला पुरतील एवढे डोनट घेतले. परत आलो, आत खोलीत मधल्या बाकावर डबे ठेवले आणि झाकणं उघडली. बोलणी थांबली. सगळे डब्यांकडे बघत होते, हात कुणीच पुढे करेना. मी म्हटलं, खा ना.

ब्रॉक्स कोपऱ्यात बॅग भरत होता. तो उठला, सावकाश आला, डब्यात बोट फिरवून सगळ्यात मोठा निवडला आणि एक घास तोडला. चावून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते हरामखोराचे.

"उशीर केलास, पाद्री," तो म्हणाला. "शिळे आहेत."

मागून टाऊफा म्हणाला, देवाने ऐकली का रे तुझी प्रार्थना? मग कुणीतरी माझ्या गुडघ्यांबद्दल बोललं, कुणी माझ्या आईबद्दल, आणि डब्यांवर झुंबड उडाली. ऑस्टगार्डने दोन घेतले, दोन्हींना नावं ठेवली, आणि म्हणाला सोमवारी ओमाहाला जायचंय, नऊ वाजता दारात उभा राहा, म्हाताऱ्या गाढवा. टाऊफा गाडी चालवणार. मी हो म्हटलं. मार्चमधली परीक्षा मुद्दाम चुकवली होती, तेही डॉक्टरांना सांगीन म्हटलं.

ब्रॉक्स अजून माझ्यासमोरच उभा होता, तोंडात साखर.

"तू आधी तुझा कुठला पाय दुखतो ते ठरव," मी म्हटलं.

त्याने खाली दोन्ही पायांकडे पाहिलं. मग उरलेला डोनट एका घासात तोंडात कोंबला आणि माझी बॅग खांद्याला लावून बाहेर निघाला, जरासुद्धा न लंगडता. मी त्याच्या मागून गेलो.